रिव्हॉल्व्हर अडकतंय की होल्स्टर ढिला पडलाय? पाणी कुठं मुरतंय ते आधी शोधा

लक्षणं बहुतेकांची सारखीच असतात. ओल्या चामड्यात डमी, म्हणजे रिव्हॉल्व्हरचा खोटा नमुना, दाबून बसवताना होल्स्टर (रिव्हॉल्व्हर ठेवायची कमरेची चामडी पिशवी) अगदी मापात वाटतो. दोन दिवसांनी वाळल्यावर रिव्हॉल्व्हर अर्ध्यात अडतं, किंवा आत गेलंच तर उपसताना होल्स्टर पट्ट्यासकट बरगडीकडे ओढला जातो. नाहीतर याच्या उलट: पहिले आठ दिवस झकास, मग तोंड मिटायला लागतं, अंग लुळं पडतं आणि रिव्हॉल्व्हर आत खडखडतं. शिकणारा मग पुढच्या होल्स्टरचा कागदी कट वाढवतो, तो ढगळ होतो. त्याच्या पुढचा कमी करतो, तो पुन्हा अडतो. कागद बदलत राहतो आणि दुखणं जागच्या जागी राहतं, कारण बरेचदा चूक कागदात नसतेच. ती चामड्याच्या जातीत असते, नाहीतर पाण्यात.

इथे जे सांगितलं आहे ते १८७३ सालच्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीला आणि इटलीत बनणाऱ्या तिच्या नकलांना धरून आहे. होल्स्टर ‘मेक्सिकन लूप’ पद्धतीचा. म्हणजे पिशवी आणि मागचा पदर एकाच तुकड्यातून कापायचा, पदर मागे दुमडून खाली सोडायचा, त्याला आडव्या चिरा पाडायच्या आणि त्या चिरांतून पिशवी ओवायची. अमेरिकेच्या पश्चिमेत १८७० च्या दशकापासून हाच प्रकार रुळला. त्याआधीचा सडपातळ कॅलिफोर्निया घाट किंवा सिनेमातला मांडीपर्यंत लोंबणारा बुस्काडेरो यांचीही पिशवी तशीच वागते, त्यामुळे उपाय तेच.

डमीबद्दल एकदाच सांगून ठेवतो. भारतात खऱ्या शस्त्राला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा शिकणाऱ्याने लाकडी, रेझिनचा किंवा टणक प्लॅस्टिकचा पूर्ण मापाचा डमी वापरावा. खेळण्याच्या दुकानातलं पिस्तूल चालत नाही, ते मापाला बारीक असतं. परदेशात कोणी खऱ्या रिव्हॉल्व्हरवर होल्स्टर बसवून बघत असेल तर सिलिंडर रिकामा आहे हे दोनदा बघावं आणि काडतुसं त्या खोलीतच ठेवू नयेत. ओल्या चामड्यात खरं पोलाद तर घालूच नये, तासाभरात त्यावर गंजाचे ठिपके धरू शकतात.

आधी खडू लावा

वाळलेला होल्स्टर अडत असेल तर कात्री उचलण्यापूर्वी फळ्याच्या खडूची पूड करून डमीच्या सगळ्या अंगाला चोळा. डमी सावकाश आत घाला, जिथे अडतो तिथे थांबा, जोर न लावता बाहेर काढा. मग बॅटरीच्या उजेडात आत बघा. पांढऱ्या खुणा चारपैकी एका ठिकाणी उमटतात आणि प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं आहे.

पुढच्या दुमडीच्या आत एकच बारीक उभी रेघ दिसली, तर माशी खुपते आहे. नळीच्या टोकाला वर असलेलं ते पातं प्रत्येक वेळी बाहेर येताना चामडं खरवडतं. होल्स्टर थोडा वापरलेला असेल तर माशीच्या मागच्या कडेला चामड्याचा भुसाही सापडेल. साचा देताना माशीसाठी वाट ठेवलेली नसते, हे कारण. उपाय सोपा आहे. ८ मिमी जाडीची लाकडी दांडी माशीच्या टोकापासून मागे फ्रेमपर्यंत नळीवर टेपने चिकटवा, होल्स्टरच्या दुमडीला फक्त आतून ओला स्पंज फिरवा, दांडीसकट डमी बसवून बाहेरून अंगठ्यांनी दुमड गोल करा. दोन-तीन तासांनी डमी काढा. वाळल्यावर दुमडीत एक पन्हळ तयार झालेली असते आणि माशी तिच्यातून मोकळी सरकते.

नळीच्या उजव्या अंगाला लांबट पट्टा उमटला, तर तुम्ही हाडाच्या पट्टीने एजेक्टर दांडीचं (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी दांडी) घर बाहेरून फारच कोरून काढलं आहे. ही चूक आधुनिक पिस्तुलांचे होल्स्टर बघून शिकणाऱ्यांची. त्या होल्स्टरात पिस्तूल साच्याच्या घट्टपणावर टिकतं, म्हणून प्रत्येक खाच आणि कंगोरा चामड्यात उठवतात. काउबॉय होल्स्टरचं तत्त्वच निराळं. इथे रिव्हॉल्व्हर स्वतःच्या वजनाने बसतं, आणि घोड्यावर किंवा पळताना ते उडू नये म्हणून हॅमरवर चामड्याची बारीक वादी अडकवतात. साचा नुसता मोघम हवा: सिलिंडरचा फुगवटा दिसला, ट्रिगर गार्डची गोलाई कळली, की हात थांबवायचा. कोरलेले कंगोरे ओल्या स्पंजाने पुन्हा मऊ करा आणि हाडाच्या पट्टीऐवजी चमच्याच्या पाठीने सपाट करा. दिसायला थोडं फिकं वाटेल, पण रिव्हॉल्व्हर सुटेल.

सिलिंडरभोवती सगळीकडे पूड पुसली गेली असेल, तर घेर कमी पडला आहे. यावर खाली सविस्तर. आणि फक्त शिवणीलगत, ट्रिगर गार्डच्या कमानीपाशी खूण असेल तर शिवण गार्डला चिकटून गेली आहे. तेवढाच भाग आतून ओला करून डमी दोन पॉलिथिन पिशव्यांत गुंडाळून रात्रभर ठेवला की बहुधा काम भागतं. नाही भागलं, तर त्या भागातली शिवण उसवून शिवणपट्टी घालावी लागते.

११ मिलीमीटर कुठे गेले

सिंगल ॲक्शन आर्मीच्या सिलिंडरचा व्यास साधारण ४२ मिमी. कागदावर हिशेब करणारा ४२ ला ३.१४ ने गुणतो आणि १३२ मिमी घेर धरतो. पण चामड्याला स्वतःची जाडी आहे. वाकवलेल्या चामड्याची आतली बाजू आकसते, बाहेरची ताणली जाते आणि लांबी कायम राहते ती जाडीच्या मधल्या थराची. ३.५ मिमी चामड्यात त्या मधल्या थराचा व्यास ४२ अधिक ३.५, म्हणजे ४५.५ मिमी होतो आणि घेर १४३ मिमी. झाले ११ मिलीमीटर कमी, तेही सैलपणासाठी काही न ठेवता. अस्तर लावून एकूण जाडी ५ मिमी झाली तर घेर १४८ च्या जवळ जातो. म्हणूनच बिनअस्तराच्या होल्स्टरवरून केलेला कट अस्तराच्या होल्स्टरला वापरला की तो हमखास अडतो. वर्षानुवर्षं हातात असलेला कागद अचानक ‘बिघडतो’, त्याचंही कारण बहुतेक वेळा हेच: चामड्याचा नवा ठाण अर्धा मिलीमीटर जाड आलेला असतो. एवढ्यावर घेर दीड मिलीमीटरने बदलतो.

हा घेर शिवणरेषेपर्यंतचा आहे हे विसरू नका. शिवणीच्या बाहेर ४ ते ५ मिमी कड वेगळी सोडायची, आणि ट्रिगर गार्डच्या पट्ट्यात सिलिंडरचा हिशेब लागू होत नाही, तिथे कागद डमीभोवती गुंडाळूनच माप घ्यायचं. कागद तरी कशाला, ३ मिमी जाडीचा फेल्ट मिळतो त्याची कच्ची पिशवी कापून कडेला कागदाच्या क्लिपा लावा. फेल्टला जाडी असल्यामुळे तो खोटं बोलत नाही. डमी आत घालून बाहेर काढा, फेल्टच्या आत घडी पडली तर सैल आहे, क्लिपा सुटल्या तर घट्ट.

उणीव २-३ मिमीच्या आत असेल तर चामडं ताणता येतं. आतून ओलं करा, डमीला पॉलिथिनच्या दोन पिशव्या घट्ट गुंडाळा, आत घालून रात्रभर ठेवा. सकाळी एक पिशवी कमी करून पुन्हा तासभर. त्याहून जास्त कमी असेल तर ताणायच्या भानगडीत पडू नका, ताणलेलं चामडं वाळताना परत येतं आणि दोन आठवड्यांनी तुम्ही होतात तिथेच असता. शिवण उसवा, दोन्ही पाखांच्या मध्ये चामड्याची १२ मिमी रुंद पट्टी घाला, पुन्हा चिकटवून शिवा. ३ मिमीची एक पट्टी म्हणजे घेरात ३ मिमी वाढ. दोनांपेक्षा जास्त पट्ट्या लावू नयेत, कड ठोकळ्यासारखी दिसते. खरं तर एक पट्टी सुरुवातीपासूनच हवी. नळीच्या तोंडापाशी रिव्हॉल्व्हर तिरकं आत गेलं की त्याची कड थेट टाक्यांवर घासते आणि महिन्या-दोन महिन्यांत दोरा तुटतो. मध्ये पट्टी असेल तर घाव तिच्यावर जातो.

होल्स्टर ढिला असेल तर उपाय याच्या उलट आणि कमी कष्टाचा: शिवणीच्या आत ३ मिमी अंतरावर, ट्रिगर गार्डच्या कमानीपासून तोंडापर्यंत दुसरी शिवण घाला. पण त्याआधी ढिलेपणा मापाचा आहे की चामड्याचा, ते ठरवा.

आणि एक गंमत. गिऱ्हाईक ‘रुगर व्हकेरो’ म्हणून मोकळं होतं. १९९३ ला आलेला मूळ व्हकेरो मोठ्या फ्रेमचा आहे, २००५ ला आलेला न्यू व्हकेरो त्याहून लहान, जवळपास कोल्टच्या मापाचा. नाव जवळपास एकच, होल्स्टर दोन. कोणता ते विचारल्याशिवाय कापायला घेऊ नये. तीच गोष्ट नळीच्या लांबीची. कोल्टच्या ठरलेल्या लांब्या तीन, पावणेपाच, साडेपाच आणि साडेसात इंच, म्हणजे १२१, १४० आणि १९० मिमी. साडेपाचच्या पिशवीत पावणेपाच बसतं, उलट केलं तर माशी खालून डोकावते आणि मांडीला लागते.

चामडं मुळात बरोबर आहे का

ओल्या साच्यासाठी वनस्पतीच्या टॅनिनने कमावलेलं चामडंच लागतं. क्रोमने कमावलेलं चामडं ओलं करून कितीही दाबा, वाळलं की पुन्हा आपल्या मूळ वळणावर जातं. बॅगा, जाकिटं आणि बुटांच्या वरच्या भागाचं चामडं बहुतेक क्रोमचंच असतं आणि बाजारात ‘प्युअर लेदर’ म्हणून तेच पुढे येतं. त्याचा होल्स्टर पहिल्या दिवसापासून मोज्यासारखा लुळा. त्याला इलाज नाही.

ओळखायचं कसं? कापलेली कड बघा: क्रोमची बहुधा निळसर-करडी, टॅनिनची फिकट तपकिरी. पण रंगवलेल्या चामड्यात कड फसवते. पक्की परीक्षा लोखंडाची. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये स्टील वूलचा (बारीक लोखंडी तारांच्या लोकरीचा) बोळा आठवडाभर बुडवून ठेवा आणि त्यातला थेंब चामड्याच्या खरबरीत बाजूवर टाका. टॅनिन असेल तर मिनिटभरात डाग करडा-काळा होतो, क्रोमवर नुसता गंजका पिवळटपणा येतो. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून शाई करायची जुनी रीत ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, रसायन तेच आहे. अमेरिकेतले खोगीर बनवणारे याच द्रावणाने चामडं आरपार काळं करतात.

कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं असतं, म्हणजे जातीने ते योग्य आहे आणि साचाही धरतं. अडचण एवढीच, की एकाच तुकड्यात जाडी बदलते. कॅलिपरने चार ठिकाणी मोजा आणि जाड भाग आतून रापीने तासून सारखा करा. कानपूरला खोगीर आणि लगामासाठी तयार होणारं चामडंही चालतं. अमेरिकेत या कामाला सेंट लुईसच्या १८८१ पासूनच्या हर्मन ओक टॅनरीचं नाव घेतलं जातं. तिकडची जाडी औंसांत सांगतात: १ औंस म्हणजे इंचाचा ६४ वा भाग, ०.४ मिमी. बिनअस्तराच्या होल्स्टरला ८ ते १० औंस, म्हणजे ३.२ ते ४ मिमी. अस्तराचा असेल तर वरचं ६ ते ८ औंस आणि अस्तर ३ ते ४ औंस.

कातड्याचा भागही बघावा लागतो. पाठीचा भाग घट्ट विणीचा, पोटाचा पोकळ आणि ताणणारा. पोटाकडच्या तुकड्यातून कापलेली पिशवी साच्यात फार सुरेख बसते, आणि महिन्यात ढिली होते. हीच ती ‘आठ दिवस झकास’वाली तक्रार. तुकडा हातात घेऊन दोन्ही दिशांना ओढून बघा. जास्त ताणतो ती दिशा होल्स्टरच्या घेरात येऊ देऊ नका, लांबीत येऊ द्या.

पाणी

आता मुख्य गोष्ट. चामडं भिजवणं आणि मुरवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि घोटाळा होतो तो दुसरी गाळल्यामुळे.

शिवलेली पिशवी कोमट पाण्यात, हाताला सोसेल एवढ्याच, ३५ ते ४० अंशांच्या, बुडवा. ३.५ मिमी चामड्याला २० ते ३० सेकंद पुरतात. बुडबुडे वर यायचे थांबेपर्यंत ठेवायचं असं सांगितलेलं आढळतं, ते तळव्याच्या जाड चामड्याला ठीक, होल्स्टरला नाही. इतकं पाणी पिऊन चामडं शेवयांसारखं लिबलिबीत होतं, त्याचे तंतू ढिले पडतात आणि वाळताना ते वेडंवाकडं आकसतं. बाहेर काढून टॉवेलने टिपा, पॉलिथिनमध्ये गुंडाळा आणि तासभर विसरून जा. पाणी पृष्ठभागावरून आत सरकायला तेवढा वेळ लागतो.

वेळ झाली हे कसं कळतं? वरचा रंग पुन्हा मूळ फिकटपणाकडे यायला लागलेला असतो, पण चामडं गालाला लावलं तर गार लागतं. नखाने दाबा. नखाभोवती पाणी झिरपलं तर घाई झाली, उघडं ठेवून वाट बघा. खूण उठून लगेच पुसली गेली तर उशीर झाला, स्पंजाने थोडं पाणी द्या. खूण गडद आणि रेखीव राहिली की डमी घाला. या अवस्थेत चामडं कणकेसारखं वागतं, दाबाल तसं राहतं.

फार ओल्यात बसवलेला डमी काढला की भिंती आत येतात, त्या बाहेर ढकलायला माणूस जास्त दाबतो, चामडं ताणतं, वाळताना परत आकसतं आणि होल्स्टर अडतो. कोरड्यात बसवलेला डमी वरवरचा आकार देतो, आतला थर सपाटच राहतो, आणि आठवड्याभरात सगळं सैल होतं. लक्षणं परस्परविरुद्ध, चूक एकाच तासातली.

डमी तासा-दोन तासांत काढायचा, म्हणजे आतून हवा लागते. पण काढून मोकळं व्हायचं नाही. सहा-सात तासांनी होल्स्टर निम्मा वाळलेला असताना डमी पुन्हा दहा मिनिटं घालून भिंती जागेवर बसवायच्या, झोपण्यापूर्वी आणखी एकदा. ही दुसरी-तिसरी फेरी बरेच जण करत नाहीत. चामडं सगळ्यात जास्त आकसतं ते वाळण्याच्या या दुसऱ्या टप्प्यात, आणि नेमकं तेव्हाच आत काही नसतं.

वाळवायला सावली आणि पंखा. ओलं टॅनिनचं चामडं ७० ते ८० अंशांच्या घरात कायमचं आकसतं, तंतू पापडासारखे कडक होतात आणि ते पुन्हा कधी मऊ होत नाहीत. हीट गनची हवा याच्या किती तरी वर जाते, हेअर ड्रायर जवळ धरला तरी तेच. गरम कपाटात वाळवायचं असेल तर तापमान ५० च्या पुढे जाऊ देऊ नका. उन्हात ठेवल्यावर एक बाजू गडद आणि दुसरी फिकट होते, पुढे रंगही तसाच दुरंगी चढतो.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर चामडं २४ तासांत वाळत नाही, ४८ धरा. वरून कोरडं लागतं, शिवणीच्या आत ओल असते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर भिजवण्यापूर्वी वजन करून लिहून ठेवा, त्या आकड्याच्या पाच-दहा ग्रॅमवर आलं की वाळलं. पॉलिथिनमध्ये मुरत घातलेलं चामडं पावसाळ्यात रात्रभर विसरलात तर सकाळी बुरशीचे ठिपके दिसतील. आणि काळे-निळे ठिपके दिसले तर ती बुरशी नव्हे, लोखंड आहे: शेजारी कानस चालली होती, पत्र्याच्या घमेल्यात भिजवलं होतं किंवा हाताला गंज होता. लिंबाचा रस लावून स्वच्छ पाण्याने धुतलं की ताजे डाग जातात. भिजवायला प्लॅस्टिकची बादली घ्या.

ठशांनी नक्षी उठवलेला होल्स्टर पुन्हा बुडवला तर नक्षी विरते. त्याला बाहेरून पाणी नको, आतून स्पंज, आणि बाहेरून फक्त तळहाताने दाब.

तोंड मिटतंय

चामडं आणि पाणी दोन्ही बरोबर असूनही तोंड आत पडत असेल तर बघा तेल किती पाजलं आहे. नीट्सफूट तेल (गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढलेलं) दोन पातळ हातांनी, मध्ये एक रात्र सोडून, एका होल्स्टरला सगळं मिळून दोन चमचे, म्हणजे १० मिली पुरे. बुडवून काढण्याची हौस साच्याच्या मुळावर येते, तेलाने भिजलेला तंतू पुन्हा ताठ होत नाही. खोबरेल वापरू नका, ते २४ अंशांच्या खाली थिजतं आणि थंडीत चामड्यावर पांढरट थर येतो. जवसाचं तेल वाळून कडक होतं. एरंडेल चालतं पण चिकट राहतं, धूळ धरतं.

तेल बेताचं असेल तर तोंडाला आधार द्या. २.५ ते ३ मिमी चामड्याची ३० मिमी रुंद पट्टी तोंडाच्या बाहेरून, खालची कड रापीने उतरवून, चिकटवा आणि दोन रांगांत शिवा. ही पट्टीही ओलीच, डमी आत असताना वळवायची. सपाट चिकटवून मग वाकवली तर आतल्या बाजूला सुरकुती पडते आणि रिव्हॉल्व्हर तिच्यावर अडतं. अस्तरालाही हाच नियम: वरचं चामडं आणि अस्तर टेबलावर सपाट चिकटवायचं नाही, निम्मं चिकटवून, दुमडून, मग उरलेलं. अस्तराच्या होल्स्टरमध्ये खडूची खूण दुमडीच्या बाजूला दोन-तीन समांतर रेघांत आली तर ही सुरकुती समजा. तिला उसवण्यावाचून उपाय नाही.

हॉलिवूडच्या आर्व्हो ओजाला यांनी १९५० च्या दशकात झटपट उपसायच्या होल्स्टरमध्ये दोन चामड्यांच्या मध्ये धातूचा पत्रा घातला. त्यामुळे तोंड तर मिटत नाहीच, शिवाय रिव्हॉल्व्हर आत असतानाच हॅमर मागे ओढला तरी सिलिंडर मोकळा फिरतो. सिनेमासाठी आणि स्पर्धेसाठी हे ठीक. १८८० चा देखावा हवा असेल तर पत्रा लबाडी ठरेल.

होल्स्टर सोबत वर येतो

पिशवी मोकळी आहे, खडू कुठेच पुसत नाही, तरी उपसताना सगळं वर येतं. मग पदराच्या दुमडीतला फास, ज्यातून कमरेचा पट्टा जातो, तो पट्ट्याला सैल आहे. फासाची आतली उंची पट्ट्याच्या रुंदीपेक्षा ३ मिमी जास्त, बस. ६० मिमीच्या पट्ट्याला ६३. मेक्सिकन लूपमध्ये आणखी एक कारण असतं: पदरातल्या चिरा लांब झाल्या की पिशवी त्यांतून निसटते. चीर पिशवीच्या त्या ठिकाणच्या दबलेल्या रुंदीएवढीच ठेवा आणि पिशवी किंचित दमट असताना ओढून काढा. दोन्ही टोकांना आधी ५ मिमीची गोल भोकं पाडा, मग त्यांच्यामध्ये कापा, नाहीतर चीर टोकाला फाटत जाते.

होल्स्टर फार तिरका बसवल्यामुळेही असं होतं. काउबॉय नेमबाजीच्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमात होल्स्टर उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त कललेला चालत नाही. मर्यादा सुरक्षेसाठी आहे, पण ओढही त्याने सरळ राहते.

बाकीचं थोडक्यात

मागच्या बाजूची शिवण वाकडी जाते ती आरी तिरपी धरल्यामुळे. दोन्ही पाखं चिकटवून कड घासून सारखी केल्यावरच दोन्ही बाजूंना चर पाडा. इंचाला ६ ते ७ टाके, १ मिमीचा मेणवलेला दोरा, दोन सुया, शिवणीच्या लांबीच्या निदान चौपट दोरा. चिकटवल्यानंतर २४ तास जाऊ द्या, ताजं सोल्युशन पाण्यात गेलं की शिवणीआधीच सुटतं.

रंग पँटला लागत असेल तर वरचा सुटा रंग काढलेला नाही. एक दिवस वाळू द्या, कोऱ्या सुती कापडाने कापड पांढरं निघेपर्यंत पुसा, मग रेझोलीन (चामड्यावर लावायचं ॲक्रिलिक फिनिश) आणि पाणी निम्मं-निम्मं करून पातळ दोन हात. घट्ट एकच हात दिला तर तो दुमडीवर तडकतो.

काडतुसांच्या फासांबाबत मात्र थोडं थांबायला हवं. .४५ कोल्टच्या काडतुसाचा व्यास १२.२ मिमी. फास ओले असताना त्यात १२ मिमीच्या लाकडी दांड्या घालून वाळवा, खरी पितळ नको. पितळेतल्या तांब्याची चामड्यातल्या आम्लांशी गाठ पडली की हिरवा कळक चढतो, ताक पितळी भांड्यात कळकतं तसाच, आणि काडतूस फासात रुतून बसतं. अमेरिकन सैन्यात हीच तक्रार होती, त्यातूनच अ‍ॅन्सन मिल्स यांचा विणलेल्या फासांचा कापडी पट्टा पुढे आला. चामड्याच्या पट्ट्यात पितळ ठेवायचीच असेल तर खेळापुरती ठेवा आणि घरी आल्यावर काढा. रिव्हॉल्व्हरही तसंच, रात्री होल्स्टरात नको. आधीच कळक धरलेल्या फासांतला हिरवा थर लाकडी काडीने खरवडून, कोरड्या ब्रशने झाडून काढा. तेल लावू नका, तेलातली आम्लंच तो वाढवतात.